फोटोच्या धंद्यासाठी ड्रोन घ्यायचाय, पण बडोद्यात कोणता?

रावपुरा_स्टुडिओ:

नमस्कार मंडळी. रावपुऱ्यात आमचा छोटा स्टुडिओ आहे, वडिलांनी थाटलेला. ते यशिकावर काम करायचे, मी डिजिटलवर आलो. लग्न, मुंज, बारसं हे चालूच असतं, पण गेल्या दोन वर्षांत कारखान्यांची आणि बिल्डरांची कामंही यायला लागली आहेत. वरून काही काढायचं असलं की आजवर बाहेरचा एक मुलगा बोलवत होतो. दिवसाला आठ हजार घेतो आणि लगनसरात फोन उचलत नाही.

डिसेंबरात त्याने घोळ केला. लॉनवर संगीत होतं, सगळीकडे एलईडीच्या माळा. वरून काढलेल्या व्हिडिओत आडवे काळे पट्टे सरकतायत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, थांबायचं नाव नाही. नवरीच्या मामांनी घरी मोठ्या टीव्हीवर लावलं आणि मला फोन: "अहो, आमचा टीव्ही बिघडलाय की तुमचं काम?" पाच हजार कापले. ते माझ्या खिशातून गेले, त्या मुलाने पूर्ण पैसे घेतले ते घेतलेच.

आता बडोद्याजवळच्या सावली गावाच्या पुढे एका कारखान्याची नवी शेड उभी राहतेय. मालकांना दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वरून फोटो हवेत, त्याच जागेवरून, त्याच कोनातून, चौदा महिने. शेवटी त्यातला एक ऑफिसात लावायला २४ बाय ३६ इंच मोठा करून द्यायचा. या एका कामात ड्रोनचे निम्मे पैसे सुटतात, म्हणून ठरवलं की आता आपलाच घ्यायचा.

सव्वादोन लाखांपर्यंत जाईन. (बायकोला दीड सांगितलंय.) डोळ्यासमोर तीन आहेत, तिन्ही डीजेआय या चिनी कंपनीचे: मिनी ४ प्रो, एअर ३एस, नाहीतर जुना मिळाला तर मॅव्हिक ३ प्रो. ज्याच्याकडे चौकशी केली तो दुकानदार म्हणतो, "पक्कं बिल मागू नका, वॉरंटी मी आहे ने!" हे ऐकून जरा पोटात गोळा आला. तिघांतला कोणता घेऊ? लग्नाला आणि कारखान्याला एकच चालेल का? आणि ते पट्टे कशाने येतात, हे कोणी सांगेल का?

उडता_मांजलपूर:

मॅव्हिक ३ प्रो. डोळे झाकून घ्या. फोर थर्ड्स मापाचा मोठा सेन्सर (फोटो टिपणारी चिप), तीन कॅमेरे, ४३ मिनिटं हवेत. मिनी घेऊन लग्नात गेलात तर वरपक्ष म्हणतो खेळणं आणलंय. परवानगी-बिरवानगी कोणी विचारत नाही, तीन सीझन झाले उडवतोय.

विटा_आणि_उजेड:

मांजलपूरचे भाऊ, तुम्हाला कोणी विचारलं नाही कारण अजून तुमचं काही कोणाच्या डोक्यावर पडलेलं नाही.

रावपुरादादा, मी इमारतींचे फोटो काढते, आर्किटेक्ट आणि इंटिरियरवाल्यांसाठी. २०१८ पासून ड्रोन वापरतेय. तुमच्या यादीपुढे आधी तारखा मांडून बघा. परदेशी ड्रोनच्या आयातीवर सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ ला बंदी घातली. तयार आणा, अर्धवट जोडलेला आणा, नाहीतर सगळे भाग सुटे करून पेटीत आणा, तिन्ही बंद. सूट तेवढी संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामाला. आता मॅव्हिक ३ प्रो बाजारात आला एप्रिल २०२३ मध्ये, मिनी ४ प्रो त्याच वर्षी सप्टेंबरात, एअर ३एस ऑक्टोबर २०२४ मध्ये. तिघांचाही जन्म बंदीनंतरचा. मग तुमचा दुकानदार पक्कं बिल आणणार कुठून?

तुम्ही म्हणाल, बिलाचं काय लोणचं घालायचंय? लग्नात नाही लागत. कारखान्याच्या गेटवर लागतं. दोन वर्षांपूर्वी हालोलकडच्या एका कारखान्यात माझा ड्रोन दुरुस्तीला होता म्हणून मित्राचा घेऊन गेले. त्यांच्या सेफ्टी ऑफिसरने पहिला प्रश्न केला, "यूआयएन?" म्हणजे ड्रोनचा नोंदणी क्रमांक, गाडीच्या नंबरासारखा. मित्राच्या ड्रोनला नंबर नव्हता. पावणेदोन तास गेटवरच्या बाकावर बसले, तिथला चहा प्याले आणि परत आले. ते काम नंतर दुसऱ्याला गेलं. तुमचे सावलीचे मालक आज भले माणूस असतील, पण काम सुरू झालं की कंत्राटदार, विमा कंपनी, सेफ्टीवाले सगळे येतात. चौदा महिन्यांत कोणीतरी विचारणारच.

नियम फार अवघड नाहीत, फक्त वजनाभोवती फिरतात. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यावर २ किलोपर्यंत मायक्रो. नंबर दोघांनाही लागतो, त्याची फी १०० रुपये. पण नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, मॉडेल तपासून मान्य केल्याचं टाइप सर्टिफिकेट लागत नाही, थर्ड पार्टी विमाही लागत नाही. मायक्रो धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट सर्टिफिकेट हवंच. त्यासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. एकदा मिळालं की दहा वर्षं चालतं. नियम मोडला तर दंड १ लाखापर्यंत जाऊ शकतो.

आणि २५० म्हणजे उडताना जेवढं वजन हवेत जातं तेवढं सगळं, हे लोक विसरतात. माझ्याकडे जुना मिनी २ आहे. मांडवीला आमच्या ओळखीच्या सोनीकडे, म्हणजे सोनाराकडे, नेऊन त्याच्या काट्यावर ठेवला. नुसता २४८ आणि वर काही पॉइंट. पंख्यांना पिंजरा लावला तर काटा २५० च्या कधीच पुढे. रात्री दिसावा म्हणून चिकटवायचा तो लुकलुकणारा दिवा लावला, तरी पुढे. सोनी म्हणाला, "बेन, एवढं तर मी सोन्यालाही बघत नाही." मिनी ४ प्रोलाही मोठी बॅटरी घातली की तो नॅनो राहत नाही, मायक्रो होतो. पाकिटावर २४९ छापलंय एवढ्यावर जाऊ नका.

आता आकाश. आपलं विमानतळ हरणीला, म्हणजे गावातच. विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत ड्रोनचा सरकारी नकाशा पिवळा, म्हणजे परवानगी काढून उडवायचं. हिरवा म्हणजे परवानगी नको. त्यातल्या ८ ते १२ च्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा धरतात, त्याच्या आत परवानगीशिवाय नाही. रावपुरा, मांडवी, सुरसागर, लक्ष्मीविलास, हे सगळं त्या आतल्या भागात येतं. मकरपुऱ्याकडे हवाई दलाचं ठाणं वेगळंच. म्हणजे मॅव्हिक घ्या की मिनी, गावात तो परवानगीशिवाय हातातच राहणार. लग्नाची कामं तुम्ही गावाबाहेरच्या फार्महाउसवर धरून चाला. सरकारी नकाशा उडवायच्या दिवशी सकाळी बघायचा, आदल्या आठवड्याचा नाही, कारण कोणी मोठा पाहुणा आला की रंग बदलतो. चांपानेरचं काम आलं तर तिथली स्मारकं पुरातत्त्व खात्याची, त्यांचं पत्र आधी.

मग कॅमेऱ्याचं काय? इथे मला मोठ्या सेन्सरवाल्यांशी भांडायचंय. तुमची प्रिंट ३६ बाय २४ इंच. भिंतीवरच्या फोटोला इंचाला २०० ठिपके भरपूर झाले. म्हणजे ७२०० बाय ४८००, साडेतीन कोटी पिक्सेलच्या आत. मिनी २ सारखा १२ मेगापिक्सेलचा ड्रोन ४००० बाय ३००० देतो. हवेत एका जागी थांबवा, कॅमेरा वळवत आडव्या तीन आणि खाली-वर दोन रांगा अशा सहा फ्रेम घ्या, प्रत्येक फ्रेम शेजारचीवर तीसेक टक्के चढवा. जोडल्यावर साधारण ९६०० बाय ५१०० होतं. कडा कापायलाही जागा राहते. शेड उभीच आहे, ती कुठे पळत नाही. वारा मात्र नको आणि एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, मॅन्युअलवर बांधून टाका, नाहीतर प्रत्येक फ्रेमचं आकाश वेगळं.

मोठा सेन्सर कामाला येतो तो संध्याकाळी. दिवे लागलेत, आकाश अजून निळं आहे, ती वीस मिनिटं. तिथे लहान सेन्सरच्या सावल्यांत माती दिसते. मी तिथे तीन-तीन, पाच-पाच एक्स्पोजर घेऊन जोडते, पण लग्नातला नवरदेव पाच एक्स्पोजर उभा राहत नाही, हेही खरं.

त्याच जागेवरून दर महिन्याला: काही ड्रोनमध्ये वाटेवरचे थांबे साठवून ठेवता येतात, सगळ्यांत नाही. माझी पद्धत जुनीच आहे. शेडच्या एका खांबाच्या पायाशी पिवळ्या पेंटने फुली मारते, तिथूनच उडवते. उंची, कॅमेऱ्याचा कोन आणि नाकाची दिशा वहीत लिहिते. पुढच्या महिन्यात मागचा फोटो टॅबवर उघडून शेजारी धरते आणि पाण्याची टाकी फोटोच्या त्याच कोपऱ्यात येईपर्यंत सरकवते. दहा मिनिटं जातात. वेळही तीच ठेवा, सावल्या बोलतात.

आणि एक गोष्ट कंपनीच्या पाकिटावर छापलेली नसते. जानेवारीत बडोद्यात ड्रोन उडवू नका. १४ ला उत्तरायण, म्हणजे इथली पतंगांची संक्रांत, १५ ला वासी उत्तरायण, पण मांजा झाडांवर आणि तारांवर पुढे महिनाभर लटकत असतो. एका २ फेब्रुवारीला माझ्या मिनीच्या मागच्या मोटरीत तो असा गुंडाळला गेला की ड्रोन गिरक्या घेत खाली आला, थेट विश्वामित्रीच्या काठावरच्या झुडपात. मी दिसला म्हणून उतरायला निघाले तर तिथे गुरं चारणारे एक काका ओरडले, "बेन, मगर!" मगर खरंच होती, चार-पाच हात लांब ऊन खात पडलेली. ती आपल्या मनाने पाण्यात जाईपर्यंत पाऊण तास बसलो. मग चिमट्याने मोटरीतून मांजा सोडवायला अख्खी संध्याकाळ. काच लावलेला मांजा मोटरीच्या दांड्यावर बसला की तांब्याच्या वेटोळ्याला चरे पाडतो. मोटर फिरते, पण आवाज बदलतो. ती मी बदलूनच टाकली.

तर माझं मत. नवा, बिनबिलाचा कोणताही नको. बंदीआधीच्या बिलाचा आणि नंबर असलेला जुना बघा, विक्री करताना नंबर तुमच्या नावावर करून मिळतो. सर्टिफिकेट काढायची तयारी असेल तर डीजेआयचाच एअर २एस शोधा. २०२१ चा, १ इंची सेन्सर, २० मेगापिक्सेल, वजन ५९५ ग्रॅम. त्याच्या दोन बाय दोन अशा चार फ्रेममध्ये तुमची प्रिंट होते. तयारी नसेल तर नॅनो, त्यात आता भारतीय ब्रँडही आहेत, पण घेण्याआधी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, मागून स्वतःच्या कॉम्प्युटरवर उघडा, मोबाइलवर सगळंच छान दिसतं. उरलेल्या पैशात तीन बॅटऱ्या.

लष्करकर_ग्वाल्हेर:

ताईंनी बरंच सांगितलं, मी फक्त उन्हाचं सांगतो. या लहान ड्रोनच्या माहितीत चालायचं तापमान ४० अंशांपर्यंत लिहिलेलं असतं. आमच्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ होतं, तुमच्याकडेही ४२ होतंच की. बॅटऱ्या गाडीच्या डिकीत ठेवल्या तर उडवायच्या आधीच तापलेल्या. मी थर्मोकोलच्या डब्यात ठेवतो, बर्फ नाही घालत, ओल धरते. काम सकाळी साडेसहाला. आणि सीझन संपला की बॅटऱ्या पूर्ण भरून कपाटात टाकू नका, अर्ध्यावर ठेवा. माझ्या दोन बॅटऱ्या अशाच फुगून फुलक्या झाल्या.

बाकी तुमचं पिवळं तरी आहे. आमच्याकडे महाराजपुऱ्याला हवाई दल आणि डोक्यावर पुरातत्त्व खात्याचा किल्ला. मी तर मुरैन्याकडची शेतं काढून पोट भरतो.

रावपुरा_स्टुडिओ:

ताई, तुम्ही माझे निदान दीड लाख वाचवले. नकाशा उघडून बसलो होतो. रावपुऱ्यावर बोट ठेवलं की पिवळं, सावलीच्या पुढे हिरवं. स्टुडिओच्या गच्चीवरून नवरात्रात गरबा काढायचं स्वप्न होतं, ते गेलं.

दुकानदाराला विचारलं की नंबर कसा काढायचा. म्हणाला, "साहेब, एवढं खोलात जाणारे तुम्ही पहिलेच." मग फोन ठेवला.

पण पट्ट्यांचं राहिलंच की. त्या मुलाने काय चुकवलं? मला मार्चमध्ये तसंच लॉन आहे.

विटा_आणि_उजेड:

हो, ते राहिलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावर चालणारे स्वस्त दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही. पण सेन्सर फोटो एकदम घेत नाही, ओळीओळीने वाचतो. शटर ऑटोवर असलं आणि त्याने सेकंदाचा १/३२० वगैरे वेळ पकडला, की काही ओळी दिवा उजळ असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. तेच तुमच्या मामांच्या टीव्हीवरचे पट्टे. शटर १/५० किंवा १/१०० वर बांधा, म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाचं पूर्ण चक्र मिळतं. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर. त्या मुलाने बहुतेक ३० फ्रेम आणि ऑटो ठेवलं असणार.

दिवसा १/५० ठेवायचं तर उजेड कापावा लागतो. एअर २एसच्या लेन्सचं छिद्र एफ २.८ वर कायमचं, लहान-मोठं होत नाही. भर उन्हात लेन्सपुढे एनडी ६४ लागतो, म्हणजे उजेड कापणारी गडद काच, संध्याकाळी एनडी ८, दिवे लागल्यावर काढून टाका. हे व्हिडिओसाठी हं. फोटोला काढूनच ठेवा.

काही माळांना मंद-उजळ करायचा डबा असतो, त्यांची लुकलुक विजेच्या तालावर नसते, तिथे ५० आणि १०० दोन्ही फसतात. म्हणून लॉनवर तासभर आधी जा, डेकोरेशनवाल्याला सगळे दिवे लावायला सांगा आणि ड्रोन हातात धरून, पंखे बंद ठेवून, नुसता कॅमेरा त्या माळांकडे करा. पट्टे असले तर स्क्रीनवर लगेच दिसतात. नाहीच गेले तर तेवढी माळ बंद करायला सांगा. आणि पाहुण्यांच्या डोक्यावरून नाही. कडेकडेने, तिरपं.

रावपुरा_स्टुडिओ:

अलकापुरीत एकांकडे एअर २एस आहे, २०२१ चं बिल, नंबर आहे, दोन बॅटऱ्या. ते कॅनडाला चाललेत. रविवारी बघायला जातोय, लॅपटॉप घेऊन. रॉ फाइल तिथेच उघडेन.

सर्टिफिकेटसाठी दहावीची मार्कशीट शोधत होतो, आईच्या गोदरेजच्या कपाटात सापडली. गणितात ४१. तुमचा सहा फ्रेमचा हिशेब मी मुलीकडून तपासून घेतला. बरोबर आहे म्हणाली.